तो ‘साठ’ म्हणाला होता, मला ‘आठ’ ऐकू आलं

पाच तारखेला बँकेचा मेसेज आला, खात्यातून 5,000 रुपये वजा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कानाच्या मशीनचा हप्ता जाणार हे ठाऊक होतं. मशीन आठ हजारांचं, म्हणजे पुढच्या महिन्यात तीन हजार गेले की विषय मिटला. पुढच्या महिन्यात पुन्हा पाच हजार गेले. रविवारी मुलगी डोंबिवलीहून आली तेव्हा तिला मेसेज दाखवला. तिनं माझा ईमेल उघडला, जो मी एरवी कधी बघत नाही, आणि त्यात कर्जाचा करारनामा निघाला. माझ्या नावावर साठ हजारांचं कर्ज. पाच हजारांचे बारा हप्ते.

मी कुठेही सही केली नव्हती. पण आधार क्रमांक माझा, पॅन कार्ड माझं, फोटो माझा, ओटीपी माझ्याच फोनवर आलेला. कागदावर सगळं चोख होतं.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितो आहे. लाज वाटते, तरी लिहितो.

मी लालबागला राहतो. लोअर परळच्या एका छापखान्यात 29 वर्षं वेब ऑफसेट मशीनवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं रात्रपाळी. मशीन सुरू झालं की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. कागद तुटला, शाई कमी पडली, सगळं हातवाऱ्यांनी सांगायचं. कानात कापूस घालायचो, त्याचा फारसा उपयोग नसतो हे आता कळलं. निवृत्त होईपर्यंत फोनवरचं बोलणं कळेनासं झालं होतं. समोरासमोर अर्धं ऐकू यायचं, अर्धं ओठांवरून ओळखायचं, आणि उरलेल्याला ‘हो, हो’ म्हणून मान डोलवायची. तीन वेळा ‘काय?’ विचारलं की माणसं वैतागतात. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणतात. ते ‘जाऊ दे’ फार लागतं हो. म्हणून आमच्यासारखी माणसं न ऐकताच हो म्हणायला शिकतात.

दोन वर्षांपूर्वी मुलीनं माझ्या फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून दिलं. समोरचा मराठीत बोलला की त्याचे शब्द स्क्रीनवर उमटतात. नावं चुकतात, दोन माणसं एकदम बोलली की गोंधळ होतो, पण शांत खोलीत चांगलं चालतं. बँकेत, डॉक्टरकडे फोन काउंटरवर ठेवायचा आणि वाचायचं. कित्येक वर्षांनी मी कुणाला सोबत न घेता पासबुक भरायला गेलो, तो दिवस अजून आठवतो.

मग गेल्या वर्षी गणपतीच्या आधी फोनवर ती जाहिरात दिसली. जर्मन तंत्रज्ञान, 32 चॅनेल, घरी येऊन मोफत तपासणी, ‘शासनमान्य’. मी फॉर्म भरला आणि लिहिलं की फोन करू नका, मला ऐकू येत नाही. त्यांचा मेसेज आला, ‘काळजी करू नका काका, आपण मेसेजवरच बोलू.’ मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. गॅसवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे फोनच करतात. हे लोक तरी समजून घेणारे निघाले, असं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी अकराला एक तिशीतला मुलगा आला. बायको डोंबिवलीला गेलेली, घरी मी एकटाच. त्यानं बॅगेतून टॅब आणि हेडफोन काढले. मी माझा फोन टेबलावर ठेवून लाइव्ह ट्रान्सक्राइब सुरू केलं. त्यानं स्क्रीनकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘वा काका, तुम्ही तर एकदम मॉडर्न.’ हे मी स्क्रीनवरच वाचलं.

खिडकी उघडी, खाली मंडपाचे वासे ठोकणं चाललेलं, आणि अशात त्यानं माझी तपासणी केली. टॅबवर आवाज आला की बोट वर करायचं. पाच मिनिटांत संपलं. कानाच्या आत त्यानं एकदाही पाहिलं नाही. ‘70 टक्के बहिरेपण आहे, उशीर केलात तर मेंदू आवाज विसरेल,’ म्हणाला. अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्रही काढून देतो म्हणाला. मग मशीन कानात घातलं. मंडपवाल्याचा हातोडा डोक्यात बसल्यासारखा झाला. त्याचा स्वतःचा आवाजही मोठा आला. मी हसलो, तोही हसला. ‘नाही आवडलं तर 15 दिवसांत परत करा, पूर्ण पैसे मिळतील,’ हेही स्क्रीनवर उमटलं.

आणि मग तो म्हणाला की मशीन फोनला जोडावं लागेल, आणि त्यानं टेबलावरचा माझा फोन उचलला.

इथे मी चुकलो. तो फोन म्हणजे त्या घडीला माझा कान होता, आणि तो मी त्याच्या हातात दिला. त्याच्या हातात गेल्यावर लाइव्ह ट्रान्सक्राइब बंद झालं. मशीनही त्यानं ‘सेटिंग’ करायला काढून घेतलं. पुढची तीस-पस्तीस मिनिटं मी ओठ आणि अंदाज यांवर होतो. वॉरंटीसाठी म्हणून त्यानं आधार आणि पॅन मागितलं, मी कपाटातून काढून दिलं. फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिटून उघडायची खूण केली, मी ते केलं. मेसेज येत होते, तो बघत होता, टाइप करत होता.

मग त्यानं किंमत सांगितली. मला ऐकू आलं, ‘आठ हजार.’

खात्री करावी म्हणून मी दोन्ही हातांची मिळून आठ बोटं वर केली. त्यानं ती पाहिली, नीट पाहिली, आणि मान डोलावली.

एवढ्यात माझा फोन वाजला. तो त्याच्याच हातात होता. त्यानं उचलला, हातानं मला ‘काळजी नको’ अशी खूण केली आणि बोलू लागला. मला वाटलं मशीन जोडणाऱ्या त्यांच्या ऑफिसचा फोन. मी समोर बसून त्याचे ओठ बघत होतो. हो. हो. मग काहीतरी आकडे. मग पुन्हा हो. कुणाला तरी माझ्या वतीनं होकार दिला जात होता आणि मी त्याला चहा विचारत होतो.

मशीननं भांडी, रिक्षा, पंखा, सगळं मोठं झालं. माणसाचं बोलणं मात्र तेवढंच अस्पष्ट राहिलं, फक्त जोरात. जबडा हलला की शिट्टी वाजायची. मी पंधरा दिवसांच्या आत परत करतो म्हणून मेसेज केला. आधी ‘कानाला सवय व्हायला वेळ लागतो’ असं उत्तर आलं, मग उत्तरं थांबली. मीही गप्प बसलो. आठ हजार गेले समजायचं, असं ठरवून टाकलं.

कर्जाचं कळल्यावर मुलगी मला वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत घेऊन गेली. वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची ही राष्ट्रीय संस्था 1983 पासून मुंबईत आहे आणि मी आयुष्यभर दादरला गाडी बदलत फिरलो तरी मला ती माहीत नव्हती. तिथे आधी कानात दिवा घालून मळ आहे का पाहिलं. मग आवाजबंद खोलीत बसवलं. एकेका कानाला 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवले, मग कानामागच्या हाडावर कंप देणारी पट्टी लावून पुन्हा तेच, मग शब्द ऐकवून उच्चारायला लावले. पाऊण तास गेला. हाती आला तो आलेख, डेसिबलमध्ये. टक्क्यांचा त्यात पत्ता नव्हता. खर्जाकडे रेघ बऱ्यापैकी वर, आणि 4000 हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख असाच दिसतो, असं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी लिहून दाखवलं.

त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले, साठ आणि आठ. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते मला ऐकू येतात. ‘स’ म्हणजे नुसता ‘स्स्’ असा आवाज, तो वरच्या पट्टीत, नेमका माझ्या खड्ड्यात. त्यामुळे ‘साठ’ मधला ‘स’ गळतो आणि ‘आठ’ उरतो. ओठांवरही दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. त्या मुलाचा रोजचा धंदा कमी ऐकू येणाऱ्यांशी. माझ्या आठ बोटांचा अर्थ त्याला कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मशीन पाहून बाई म्हणाल्या की हे श्रवणयंत्रच नाही, नुसतं आवाज वाढवणारं यंत्र आहे. खरं यंत्र कॉम्प्युटरला जोडून आलेखाप्रमाणे बसवतात, ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तिथेच आवाज वाढवतात, आणि फार मोठा आवाज अडवतात. यात तशी सोयच नव्हती. मग त्यांनी बिल मागितलं, जे मी धड वाचलंही नव्हतं. बिलावर कुठेही ‘हिअरिंग एड’ हा शब्द नाही. ‘इलेक्ट्रॉनिक अॅक्सेसरी’ असं लिहिलेलं, वर 18 टक्के जीएसटी लावलेला. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. खाली बारीक अक्षरांत, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ प्रमाणपत्राचंही तेच. 2016 च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत निदान 60 डेसिबलचा ऱ्हास लागतो, माझा तेवढा नाही. तो मुलगा ऑडिओलॉजिस्ट नव्हताच. भारतीय पुनर्वास परिषदेकडे ऑडिओलॉजिस्टची नोंदणी असते, तो क्रमांक मागायचा असतो. मला हे माहीत नव्हतं, तुम्ही मागा.

बिलावरच्या अंधेरीच्या पत्त्यावर गेलो तर तिथे झेरॉक्सचं दुकान. जाहिरातीतला नंबर बंद.

तक्रार करायची म्हटलं तर पहिली अडचण अशी की सगळीकडे फोन नंबर. ग्राहकांसाठी 1915, सायबर फसवणुकीसाठी 1930. ऐकू न येणाऱ्यानं काय करायचं? पण दोन्हींची वेबसाइट आहे आणि तिथे लिहून तक्रार घेतात, ते आम्ही केलं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर थोपवायची शक्यता जास्त होती. आम्हाला दोन महिने उशीर झाला होता.

मुलीच्या हाती दोन गोष्टी लागल्या. एक, माझ्या फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइबमध्ये मजकूर जतन करण्याचं सेटिंग तिनं चालू ठेवलेलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी तिला कौतुकानं तो सगळा मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, ‘बघ, मी एकट्यानं सगळं बोललो’ म्हणून. फोनवरचा मजकूर आपोआप पुसला गेला होता, तिच्या व्हॉट्सअॅपवर मात्र शाबूत होता. ‘15 दिवसांत परत करा, पूर्ण पैसे मिळतील.’ त्याच्याच तोंडचं वाक्य.

दुसरी गोष्ट, कर्ज मंजूर करण्याआधी कर्ज देणारी कंपनी खातरजमेचा फोन करते आणि तो ध्वनिमुद्रित होतो. मुलीनं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून ते मुद्रण मागितलं. महिना उलटला तरी उत्तर नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तिला पैसे पडत नाहीत. त्यानंतर मुद्रण आलं.

ते तिनं लॅपटॉपवर लावलं. मी शेजारी फोन ठेवला. स्क्रीनवर एकेक ओळ उमटत गेली. माझं पूर्ण नाव. माझी जन्मतारीख, 1961 सालची. साठ हजार मान्य आहे का? हो. बारा हप्ते मान्य आहेत का? हो. आपण स्वतःच बोलत आहात ना? हो, मीच बोलतोय.

मुलीनं मध्येच लॅपटॉप बंद केला. म्हणाली, ‘बाबा, हा पंचविशी-तिशीतल्या पोराचा आवाज आहे.’ मला तो फरक ऐकू येत नव्हता. कंपनीच्या माणसाला तर येत होता.

हेच तिनं लिहून पाठवलं आणि चार हप्ते गेल्यावर कंपनीनं पुढचे थांबवले. गेलेले वीस हजार परत मिळालेले नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. जोडपत्रांत बिल आहे, वांद्र्याचा आलेख आहे, व्हॉट्सअॅपवरचा मजकूर आहे आणि त्या फोनचं मुद्रण आहे. अर्जात एक विनंती वेगळी लिहिली आहे, की अर्जदाराला ऐकू कमी येतं, तरी सुनावणीच्या वेळी त्याला त्याचा फोन समोर ठेवू द्यावा.