माघ ते चैत्र : गच्चीवरच्या बागेसाठी घेतलेल्या हंगामी सेवेचा अनुभव

पुण्यातील आमची पश्चिमेकडे उघडी असलेली गच्ची फार मोठी नाही, पण तिच्यावर लहानमोठ्या ४४ कुंड्या आहेत आणि मार्च उजाडला की दुपारी दोननंतरचे ऊन त्या सगळ्यांवर थेट येते. गेली अनेक वर्षे, एक प्रसंग सोडला तर, हे सारे मी एकटीने सांभाळले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मोठ्या कुंड्या उलट्या करणे अशक्य झाले, तेव्हा २०२५ च्या आरंभी एका रोपवाटिकेची वसंत ऋतूतील बागकामाची सेवा मी प्रथमच घेतली. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण अशी सेवा आता बऱ्याच ठिकाणी मिळू लागली आहे आणि ती घेताना नेमके काय पाहावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच नोंदवते : काही उणिवा असूनही ही सेवा मला मनापासून आवडली, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे ती देणाऱ्या माणसाला कोणते काम कधी करायचे, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे कोणते काम आत्ता करायचे नाही, हे पक्के ठाऊक आहे.

यापूर्वी एकदा दुसऱ्या एका ठिकाणाहून मी माणसे बोलावली होती. त्यांनी एकाच दिवसात साऱ्या बागेची छाटणी केली, सगळ्या कुंड्यांना खत घातले, पाणी दिले आणि संध्याकाळी पाचला ते निघून गेले. बाग त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसत होती, परंतु कळ्यांवर आलेल्या फांद्याही त्या सफाईत गेल्या आणि त्या वर्षीचा मोगऱ्याचा पहिला बहर आम्हाला पाहायलाच मिळाला नाही. या रोपवाटिकेने मात्र तीन भेटींचे नियोजन सांगितले : पहिली वसंतपंचमीच्या सुमारास, दुसरी होळी झाल्यावर आणि तिसरी गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात. पंचांगातला वसंत चैत्रापासून धरतात हे खरे, पण आपल्याकडे कुंडीतल्या झाडांची वसंतातली कामे माघातच सुरू करावी लागतात, कारण चैत्र येईपर्यंत ऊन इतके वाढलेले असते की उघडी पडलेली मुळे ते सोसू शकत नाहीत.

प्रत्यक्षात सेवेची सुरुवात पहिल्या भेटीच्याही आधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या एका फोनने झाली. रोपवाटिकेतले ज्येष्ठ माळी, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणू लागलो आहोत, त्यांनी विचारले, "ताई, मोगऱ्याला पाणी चालू आहे का? असेल तर आजपासून तोडा." मोगऱ्याला थंडीत ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी जवळजवळ बंद करून त्याची वाढ थांबवावी लागते, पाने पिवळी पडून गळू द्यावी लागतात, आणि मग छाटणी करून खतपाणी सुरू केले की नव्या फुटव्यांवर कळ्या धरतात. हे मला ऐकून माहीत होते, पण दरवर्षी सुकत चाललेले झाड पाहून माझा धीर सुटत असे आणि मी तांब्याभर पाणी घालतच असे. यंदा काकांच्या शब्दाखातर मी हात आवरला.

पहिल्या भेटीत ते आपल्या हाताखालच्या तरुण मुलाला घेऊन सकाळी आठलाच आले. कामाला लागण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक कुंडीत बोट घालून मातीचा ओलावा पाहिला, आणि ज्या कुंड्यांना मी आदल्या संध्याकाळी पाणी दिले होते त्या बाजूला काढून सांगितले की आज यांना हात लावायचा नाही, माती वाफशावर आली, म्हणजे जादा पाणी निघून ती भुसभुशीत झाली, की मगच. ओल्या चिकट मातीत खुरपे चालवले तर तिची ढेकळे बनतात आणि मुळांना हवा मिळत नाही, हे त्यांचे कारण. मोगऱ्याच्या फांद्या त्यांनी साधारण एक तृतीयांश कमी केल्या, वाळक्या आणि आतल्या बाजूला वाढणाऱ्या काड्या मुळापासून काढल्या, आणि प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या जागेच्या, किंचित वर, तिरका घेतला. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्रीचे पाते स्पिरिटने पुसण्याची त्यांची सवय मला फार भावली, कारण रोग पसरवण्यात कात्रीचा वाटा किती मोठा असतो हे घरच्या बागेत आपण सहज विसरतो. कढीपत्त्याच्या अंगठ्याएवढ्या फांद्या कापल्यावर तेथे बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावली. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे तिचे प्रमाण असते. ही पेस्ट त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यातून आणली होती, कारण मोरचूद लोखंडी भांड्यात टिकत नाही.

जास्वंदीजवळ ते बराच वेळ थांबले. मला तिची पाने थोडी आखडलेली दिसत होती, एवढेच. त्यांनी कोवळा शेंडा वाकवून मला भिंगाखाली दाखवला : पानाच्या बगलेत कापसाच्या बोंडातून सुटलेल्या तंतूंसारखे पांढरे पुंजके होते, आणि त्यांच्या भोवती काळ्या मुंग्यांची ये-जा चाललेली होती. ते पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. हा ढेकूण रस शोषून जो चिकट गोड स्राव बाहेर टाकतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याची पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेतात. त्यामुळे नुसती कीड मारून भागत नाही, मुंग्यांची वाटही तोडावी लागते. काकांनी आधी किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधले, मग राहिलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुतल्या आणि शेवटी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारणी केली. हे शेवटचे काम त्यांनी मुद्दाम ऊन उतरल्यावर केले. भर उन्हात तेलाचा फवारा मारला तर पाने करपतात. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा ही फवारणी करायची, असे त्यांनी मला कॅलेंडरवर लिहूनच दिले.

दुसरी भेट मातीची होती. कुंडीतली माती बदलणे हे या सेवेतले सगळ्यात कष्टाचे काम, आणि माझ्या दृष्टीने पैशांचे खरे चीज येथेच झाले. सोनचाफ्याची कुंडी आडवी करून झाड बाहेर काढले तेव्हा मातीच्या गोळ्याभोवती मुळांचे इतके दाट जाळे विणलेले होते की त्याला कुंडीचाच आकार आला होता, आणि तळाशी ती मुळे गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली होती. एवढे पाणी घालूनही झाड दुपारी मान का टाकत होते, याचे उत्तर मला तेथे समोर दिसले. काकांनी बाहेरच्या बाजूचा दोन बोटे जाडीचा थर धारदार सुरीने उतरवला, मधल्या गोळ्याला धक्का लावला नाही, आणि छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवून नवे मिश्रण भरले. शेवटी भरपूर पाणी देऊन ती कुंडी आठ दिवस सावलीत ठेवायला लावली. अडेनियमसाठी मात्र त्यांनी वेगळाच नियम पाळला : त्याची जाड मुळे साफ करून झाड दोन दिवस तसेच कोरडे ठेवले, जखमा सुकू दिल्या आणि मगच ते जाड वाळू जास्त असलेल्या मिश्रणात लावले. मे फ्लॉवरचे कंद कुंडीत दाटले होते. तेही कोंब फुटण्याआधी वेगळे करून दोन कुंड्यांत विभागले.

येथेच माझी पहिली तक्रार आहे. रोपवाटिकेने पोत्यांतून आणलेल्या तयार मिश्रणात कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, प्रमाण फारच जास्त होते. कोकोपीट हलके असते आणि गच्चीवर वजनाचा विचार करावाच लागतो, हे मान्य. परंतु ते एकदा पूर्ण कोरडे झाले की पाणी धरायलाच तयार होत नाही, वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने उतरून तळातून वाहून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. वर ओल दिसत असल्यामुळे आपली समजूत अशी होते की पाणी पोहोचले. मार्चअखेरीस दोन गुलाबांच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि त्यांच्या कुंड्या पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवाव्या लागल्या. मी हे सांगितल्यावर काकांनी उरलेल्या कुंड्यांसाठी लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन, त्यात कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड घालून मिश्रण तयार केले. हा बदल त्यांनी लगेच स्वीकारला, पण तो ग्राहकाने सांगण्याची वेळ यायला नको होती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्याच भेटीत काका खाली सामान आणायला गेले असताना त्या तरुण मुलाने माती बदलायच्या यादीत नसलेली लिंबाची मोठी कुंडीही रिकामी केली. झाडावर जानेवारीत आंबे बहर, म्हणजे लिंबाचा थंडीअखेरचा फुलोरा, आलेला होता आणि फळे वाटाण्याएवढी झाली होती. मुळे हलल्यामुळे पुढच्या दहा दिवसांत त्यांतली बहुतेक गळून पडली. रोज सकाळी कुंडीखाली पडलेली ती हिरवी फळे वेचताना मला अतिशय वाईट वाटले. काकांनी चूक मान्य केली आणि त्या कुंडीचे पैसे घेतले नाहीत, त्या मुलालाही माझ्यासमोर रागावण्याऐवजी पानांआडची फळे दाखवून नीट समजावले. तरीही ज्येष्ठ माणूस जागेवर नसताना काम थांबले पाहिजे, हा नियम रोपवाटिकेने स्वतःसाठी घालून घ्यायला हवा.

भाज्यांच्या बाबतीत त्यांचा सल्ला नेमका होता. पालक आणि कोथिंबीर आता उन्हाने लवकर तुऱ्यावर येणार, तेव्हा त्यांच्या जागी तांदूळजा, अंबाडी, गवार आणि भेंडी घ्या, काकडीचा वेल पूर्वेकडच्या कठड्याला लावा, असे त्यांनी सुचवले. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावले आणि बारापैकी नऊ उगवले. फक्त बियाणे सुटे, कागदाच्या पुड्यांत दिले होते आणि त्यांवर वाणाचे नाव किंवा तारीख काहीच नव्हते, हे मला पटले नाही.

पाडव्यानंतरची तिसरी भेट उन्हाळ्याच्या बंदोबस्ताची. पश्चिमेच्या बाजूला ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधली. मी ७५ टक्क्यांची मागत होते, पण तिच्याखाली मोगरा आणि भेंडी नुसती उंच वाढतील, फुलणार नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि ते खरे ठरले असते असे मला आता वाटते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या भिंतीपासून दूर, एकमेकींना चिकटून ठेवल्या, म्हणजे त्यांच्या बाजू तापत नाहीत. मातीवर दोन इंच जाड पालापाचोळ्याचे आच्छादन घातले आणि ते खोडाला भिडणार नाही याची काळजी घेतली. पाने आमच्याच सोसायटीतली, फाल्गुनात गळालेली होती. पुण्यात 'ब्राउन लीफ'सारखा उपक्रम सुकी पाने जाळू नका म्हणून सांगत असताना ती आमच्या आवारात पेटवली जात असत, आणि यंदा त्यांतली सहा पोती आम्ही गच्चीवर आणली. आच्छादनामुळे पाणी दिवसातून दोनदा द्यावे लागत होते ते एकदाच पुरू लागले.

तीन भेटींचे मिळून ४,८०० रुपये आणि माती, खते, जाळी यांचे वेगळे २,३५० रुपये झाले. ही रक्कम लहान नाही, आणि ज्यांच्याकडे दहा-बारा कुंड्या आहेत व ज्यांचे हातपाय धड आहेत त्यांनी ही सारी कामे घरीच करावीत, असे मी सांगेन. मात्र मोठ्या कुंड्या असलेल्या ज्येष्ठ माणसांसाठी ही सेवा घेण्याजोगी आहे. ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : भेटी किती आणि कोणत्या काळात, आणि मातीच्या मिश्रणात काय काय किती आहे. सारे एका दिवसात करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्यांना बोलावू नये.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मोगऱ्यावर पहिल्या कळ्या आल्या आणि एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी ओंजळभर फुले निघत होती. पुढच्या वर्षासाठी मी डिसेंबरातच नाव नोंदवणार आहे, म्हणजे ताणाच्या वेळेत चूक होणार नाही. लिंबाच्या कुंडीवर आम्ही लाल फीत बांधली असून तिची माती वसंतात न बदलता पावसाळ्याच्या सुरुवातीला, झाडावर फळे नसताना, स्वतः काकांनीच बदलायची असे ठरले आहे.