जुन्या मोटरहोमच्या एअर स्प्रिंगा बदलल्यावर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

डिझेल मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी), चारही कोपऱ्यांवर पूर्ण एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडीचं वजन हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगांवर. मागच्या अ‍ॅक्सलवर चार स्प्रिंगा आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन, सगळ्या पिस्टनवर, म्हणजे खालच्या भक्कम बैठकीवर, गुंडाळत जाणाऱ्या रबराच्या. सहाही बदलल्या. सोबत सगळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हाइट कंट्रोल व्हॉल्व्हच्या (हवा भरून-सोडून गाडीची उंची राखणाऱ्या झडपेच्या) दांड्यांचे बुश आणि हवेतलं पाणी काढणाऱ्या एअर ड्रायरचं काडतूसही (बदलायचा फिल्टर) नवं घातलं. त्यानंतर गाडी कडक उन्हात, पावसात आणि थंडीत चालली, आणि मधे बराच काळ एका जागी उभीही राहिली.

मोठा फरक उभ्या गाडीत दिसतो. आधी संध्याकाळी सरळ लावलेली गाडी सकाळी मागच्या उजव्या अंगाला झुकलेली असायची, आता कित्येक दिवस उंची जागेवर राहते. आधी नुसत्या आयडलिंगवरही कॉम्प्रेसर सारखा हवा भरत बसायचा. आता ब्रेक वापरले तरच गव्हर्नर (टाकीतल्या दाबानुसार कॉम्प्रेसर चालवणारा-थांबवणारा भाग) त्याला कामाला लावतो. कॉम्प्रेसर कमी चालला की कमी तापतो, आणि हवेच्या टाक्यांत तेल-पाणीही कमी जातं.

पण नव्या स्प्रिंगांनी गाडी मऊ होते ही अपेक्षा ठेवू नये. स्प्रिंगमधला दाब वजनावर ठरतो. उंची तीच, वजन तेच आणि स्प्रिंगचा नंबरही तोच असेल तर चाल तीच राहणार. वळणावर गाडी कमी झुलते, खड्ड्यानंतर एका हेलकाव्यात स्थिरावते, याचं श्रेय शॉकना आणि नीट लावलेल्या उंचीला द्यायला हवं.

स्प्रिंग खरंच संपली आहे का, हे आधी तपासावं. रबरावर वरवरच्या केसासारख्या रेघा वयाबरोबर येतातच. चिरेतून आतलं दोऱ्याचं विणकाम दिसू लागलं की मात्र ती स्प्रिंग गेली. अवघड गोष्ट अशी की सगळ्यात जास्त झिजणारी जागा, म्हणजे पिस्टनवर रबर दुमडून गुंडाळतं ती घडी, नेहमीच्या उंचीवर नीट दिसत नाही. चासी स्टँडवर घेऊन अ‍ॅक्सल थोडा खाली सोडला की लपलेलं रबर बाहेर येतं. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पूर्ण गोल फिरून पाहावं. तिथे खड्यांनी घासल्याचे चट्टे, एका बाजूलाच झीज किंवा तेलाने फुगलेलं रबर सापडतं. तेल दिसलं तर ते कुठून येतंय ते आधी शोधावं, नाहीतर नवीन रबरही त्यातच सडेल.

रात्रीतून गाडी बसते म्हणजे स्प्रिंगच फुटली असं नाही. पुष्कळदा गळती फिटिंगमध्ये किंवा हाइट व्हॉल्व्हमध्येच असते. सिस्टिम पूर्ण दाबावर असताना साबणाचं पाणी आधी फिटिंगवर, मग व्हॉल्व्हच्या बाहेर हवा सोडणाऱ्या तोंडावर आणि शेवटी रबरावर मारावं. एकाच व्हॉल्व्हवर अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू जोडलेल्या असतील (पुढे बहुधा तसंच असतं) तर एका स्प्रिंगच्या गळतीने दोन्ही बाजू खाली येतात. अशा वेळी गाडी ज्या बाजूला झुकली तिकडची स्प्रिंग दोषी धरली तर निदान चुकतं.

मागवताना नुसता व्यास आणि चेहरा जुळवून भागत नाही. रबरावर आणि पिस्टनवर नंबर असतो. जुन्या गाडीत मधल्या कुणी भलतीच स्प्रिंग बसवलेली असू शकते, म्हणून तो नंबर चासीच्या पार्ट लिस्टशी ताडून पाहावा. काम करायची उंची, पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली लांबी, पिस्टनची उंची, स्टडच्या जागा आणि हवेच्या छिद्राचा आटा, सगळं जुळलं पाहिजे. एका अ‍ॅक्सलच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. एक गेली म्हणजे तेवढंच वय झालेल्या बाकीच्याही त्याच वाटेवर असतात.

आता सुरक्षितता. हवेवर किंवा गाडीच्या लेव्हलिंग जॅकवर (मुक्कामी गाडी सपाट उभी करणाऱ्या जॅकवर) उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये, अगदी मिनिटभरासाठीही नाही. एक नळी सुटली तर गाडी क्षणात बम्पस्टॉपपर्यंत (सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) खाली येते, आणि चासी व जमीन यांच्यात माणूस मावेल एवढी जागा उरत नाही. कडक सपाट जमीन, वजनाला पुरेसे स्टँड आणि ते चासीच्या उत्पादकाने दाखवलेल्या जागीच. हवा काढली की मागचे स्प्रिंग ब्रेक (धातूच्या स्प्रिंगच्या जोरावर लागणारे पार्किंग ब्रेक) आपोआप लागतात, पण पुष्कळ मोटरहोममध्ये पुढच्या चाकांना असा ब्रेक नसतो. त्यामुळे मागची बाजू उचलण्याआधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी ठोकाव्यात. टाक्या रिकाम्या करून हाइट व्हॉल्व्हचा दांडा सोडवावा, तो हाताने खाली करून स्प्रिंगांमधली उरलेली हवाही काढावी. रबर दाबून सैल लागलं की मगच फिटिंगला पाना लावायचा.

जुन्या गाडीत खरा वेळ नट सोडवण्यात जातो. आधीचे काही दिवस रोज गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर निम्मं काम हलकं होतं. वरच्या पत्र्यात दाबून बसवलेले नट कधी कधी जागेवरच फिरायला लागतात. तिथे ग्राइंडर घ्यावा लागतो, पण ठिणग्या शेजारच्या ब्रेक नळ्यांवर जाणार नाहीत याची तजवीज आधी करावी. प्रत्येक नळीला खूण बांधावी, सुटलेलं तोंड लगेच झाकावं. नळीचं कडक झालेलं टोक काटकोनात कापून थोडं ताजं करावं. तिरकं कापलेलं टोक दाबून बसणाऱ्या फिटिंगमध्ये हमखास गळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपऐवजी पातळ सीलंट बरा, तोही पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेपचा तुकडा आत गेला तर हाइट व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि मग गाडीची उंची मनमानी करू लागते.

पिस्टन बसतो ती जागा तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करून रंगवावी. गंजाचा पापुद्रा खाली राहिला तर पिस्टन तिरका बसतो आणि रबर एका बाजूला घासतं. नवीन स्प्रिंग वरून व खालून हातानेच लावून घ्यावी, पीळ पडलेला नाही आणि वरचा-खालचा मध्य एका रेषेत आहे हे पाहून मग टॉर्क रेंच घ्यावा. ३/८ इंची बोल्टला साधारण २० ते २७ न्यूटन-मीटर, १/२ इंचीला ३४ ते ४१ पुरतात. अंतिम आकडा स्प्रिंगसोबत आलेल्या कागदाचा. ट्रकवर काम करणाऱ्या हाताला हा टॉर्क फारच कमी वाटतो आणि तिथेच घात होतो. जास्त आवळलं की नट पत्र्यातून उपटतो, नवीन स्प्रिंग बाद.

पहिली हवा हळू भरायची. १० ते २० पीएसआयवर थांबून रबर पिस्टनवर सगळीकडे सारखं गुंडाळलंय का ते पाहावं. घडी आत अडकली असेल तर हवा काढून हाताने सरळ करावी. वरून-खालून न बांधलेल्या स्प्रिंगमध्ये हवा कधीही भरू नये. पूर्ण उंचीवर आल्यावर रबराभोवती टायर, ब्रेक चेंबर, नळ्या यांच्यापासून निदान २५ मिलिमीटर मोकळं अंतर हवं, कारण दाबाखाली रबराचा घेर वाढतो.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा भाग म्हणजे उंची. नवीन स्प्रिंग लवकर जाते ती बहुधा चुकीच्या उंचीमुळे. उंची जास्त असली तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग टोकापर्यंत ताणली जाते आणि कड उचकटते. कमी असली तर बम्पस्टॉपवर आपटत राहते. सपाट जागा, चाकं सरळ, लेव्हलिंग जॅक पूर्ण वर, टायरमध्ये योग्य हवा, हवेच्या टाक्या भरलेल्या आणि गाडीत नेहमीचं सामान, अशा स्थितीत उत्पादकाने सांगितलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजावं. फेंडर ते जमीन हे माप कामाचं नाही. दांड्याची लांबी बदलली की प्रत्येक वेळी हवा बरीच खाली काढून गाडी पुन्हा आपोआप वर येऊ द्यावी आणि मगच मोजावं. व्हॉल्व्हला मधे थोडी निष्क्रिय पट्टी असते, म्हणजे तेवढ्यात दांडा हलला तरी हवा भरत किंवा सुटत नाही, आणि काहींमध्ये मुद्दाम उशीरही ठेवलेला असतो. घाईत घेतलेलं माप त्यामुळे फसवतं. दांड्याच्या सैल बुशमुळेही उंची कधी वर, कधी खाली थांबते. मागची बाजू जास्त उचलली गेली तर पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडून ठरावीक वेगाला थरथर येते. उंची नक्की झाल्यावरच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

शॉकचा खर्च वाचवू नये. अनेक एअर सस्पेन्शनमध्ये अ‍ॅक्सल खाली लटकतो तेव्हा त्याला अडवणारा शॉकच असतो. त्याचं डोकं सुटलं किंवा चुकीच्या लांबीचा शॉक बसवला तर सगळा ताण स्प्रिंगच्या रबरावर येतो.

काही महिन्यांनंतर काय आढळलं? रबर सगळीकडे एकसारखं काळं, पिस्टनवरची गुंडाळीची रेघ चहूबाजूंनी सारख्या उंचीवर. म्हणजे स्प्रिंगा सरळ बसल्यात. मागच्या एका कोपरफिटिंगला साबणात बारीक बुडबुडे आले. नळी पुन्हा सरळ कापून बसवल्यावर ते थांबले. गळती परत आली तर पहिला संशय फिटिंगवर घ्यावा. काही शे किलोमीटरनंतर शॉकचे बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा एक-दोन किंचित फिरले, स्प्रिंगांचे नट जागेवरच होते.

रोजच्या वापरात जपायच्या गोष्टी थोड्याच. टाक्यांमधलं पाणी नेमाने काढायचं आणि ड्रायरचं काडतूस वेळेवर बदलायचं, नाहीतर थंडीत व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठून एखादा कोपरा वरच येत नाही. रबर साबणपाण्याने धुवायचं. डिझेल, ग्रीस किंवा पेट्रोलियमचा चमक आणणारा स्प्रे त्याच्या जवळही नको. मुक्कामी लेव्हलिंग जॅक लावताना चाकं जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नयेत, स्प्रिंगा ताणून लटकतात. आणि निघताना गाडी पूर्ण उंचीवर येईपर्यंत थांबायचं. अर्धवट हवेवर अगदी आवारातून बाहेर काढली तरी दुमडलेलं रबर पिस्टन आणि वरच्या पत्र्यात चिमटलं जाऊ शकतं.

काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर दोन गोष्टी आधीच विचारा: गाडी कशावर उभी करणार, आणि शेवटी उंची कुठून कुठे मोजणार. पहिल्याचं उत्तर गाडीचे स्वतःचे जॅक असेल, किंवा दुसऱ्याचं उत्तर नजरेचा अंदाज असेल, तर गाडी तिथे सोडू नका.