जुनी जार पुस्तके नव्या फोनवर: सहा महिन्यांनंतर

बटणांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली आणि दुरुस्तीच्या दुकानात नवीचे 450 रुपये, तेही फोन सुरू होईल याची हमी न देता, सांगितले गेले. तेव्हा मेमरी कार्डावरची 27 मराठी जार पुस्तके (म्हणजे जुन्या फोनवर छोट्या जावा ॲपसारखी उघडणारी पुस्तके) हाताशी असलेल्या अँड्रॉइड फोनवरच वाचायची, नवे काही विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले.

जुन्या फोनची जावा ॲप्स अँड्रॉइडवर चालवणारे जेटूएमई लोडर हे मोफत ॲप घेऊन 240 × 320 पिक्सेलचा पडदा निवडला आणि पहिल्याच संध्याकाळी पुस्तक उघडले. पडद्याखालची आकड्यांची बटणे नकोशी होतील असे वाटले होते, पण आठवड्याभरात अंगठ्याला जुने वळण आठवले. वाचनखुणा मात्र गेल्या, कारण त्या जार फाइलमध्ये नसून फोनच्या साठ्यात होत्या.

खरा छळ मांडला तो ऱ्हस्व वेलांटीने. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर जाऊन, ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभी राहते, आणि असे एका पानात वीसदा होते. महिनाभर मी ॲपला बोल लावला, तो अन्याय होता. पुस्तक तयार करणाऱ्याने ओळ सलग न काढता एकेक चिन्ह सुटे काढले आहे, आणि चिन्हे एकत्र मिळाल्याशिवाय देवनागरीची जुळणी होत नाही. जुन्या फोनवरही हे असेच असणार. 2 इंची पडद्यावर ते माझ्या नजरेने चालवून घेतले असावे.

तिसऱ्या महिन्यात मार्ग सापडला. जार ही मुळात झिप फाइलच असल्यामुळे नाव बदलून ती संगणकावर उलगडता येते. आत एका कादंबरीचे 14 तुकडे निघाले, कारण जावाच्या ज्या पद्धतीने हा मजकूर साठवला आहे तिला एका वेळी 65,535 बाइटच पेलतात आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट खाते. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी लांबी सांगणारे 2 बाइट कचऱ्यासारखे दिसतात. ते खोडून, तुकडे जोडून कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे ईपब, म्हणजे साधे ई-पुस्तक, केले, आणि ‘किती’ अखेर ‘किती’ झाले. एका पुस्तकाला अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही.

सहा पुस्तकांत मात्र मजकुराऐवजी पानांची चित्रेच निघाली, म्हणून ती अजून लोडरमध्येच वाचतो. त्यांतली प्रत्येक वेलांटी जागच्या जागी आहे. फक्त मोठ्या पडद्यावर ताणल्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’ ओळखायला चष्मा पुसावा लागतो.