फ्री थ्रो: वरून की खालून?

बास्केटबॉलमधील फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कुणीही न अडवता टाकायचा चेंडू) डोक्याच्या उंचीवरून एका हाताने टाकावा की दोन्ही हातांनी खालून झुलवावा, असा संभ्रम असणाऱ्यांनी आधी सांध्यांकडे पाहावे. वरच्या पद्धतीत गुडघे, कोपर आणि मनगट यांचा मेळ क्षणार्धात जुळावा लागतो आणि कोपर जरा बाहेर गेले तरी चेंडू भरकटतो. खालच्या पद्धतीत दोन्ही हात खांद्यातून सारखेच झुलतात, त्यामुळे दिशा सहसा बिघडत नाही व चेंडू रिंगवर हलकेच उतरतो. अमेरिकी बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये स्वतः शंभर गुण केलेल्या सामन्यात असेच खालून ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले. पुढे मात्र हास्यास्पद दिसते म्हणून त्याने ही पद्धत सोडली, हे नवलच. जम्प शॉटही (उडी मारून हवेत असताना टाकायचा चेंडू) घडवायचा असल्यास वरची पद्धत घ्यावी, कारण तोच सराव तिथे उपयोगी पडतो. केवळ फ्री थ्रोवरच अडणाऱ्या खेळाडूने खालची स्वीकारावी.