आठ महिन्यांनंतर: त्वचेच्या ओलाव्यासाठी काय टिकलं, काय बाजूला ठेवलं

चेहरा धुतल्यावर किती वेळानं गाल ओढल्यासारखे वाटायला लागतात, हे मी आठ महिने वहीत लिहून ठेवलं आहे. पहिल्या पानावर आकडा आहे चार मिनिटं. चेहरा टिपून टॉवेल जागेवर टाकेपर्यंत कातडी ताणायला लागायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांच्या मध्ये पांढरे पापुद्रे सुटायचे. दुपारी मात्र त्याच कपाळावर टिश्यू टेकवला की तेलाचा डाग उठायचा. त्यामुळे कधी तेलकट त्वचेचा फेसवॉश, कधी कोरड्या त्वचेची क्रीम, असं माझं कितीतरी वर्षं चाललं होतं.

मुळात दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच नाव देत होते. कोरड्या त्वचेत तेल कमी तयार होतं आणि तिची ठेवण सहसा तशीच असते. निर्जल त्वचेत पाणी कमी पडतं, आणि ते तेलकट चेहऱ्यालाही होऊ शकतं. माझ्या आईची त्वचा खरी कोरडी आहे. तिच्या नडग्यांवर बारीक भेगांचं जाळं दिसतं आणि कपाळावर तेल कधीच येत नाही. रजोनिवृत्तीनंतर तेलग्रंथींचं काम मंदावतं, त्यामुळे तिचा त्रास आणखी वाढला. माझं दुखणं पाण्याचं होतं, आणि बरंचसं मी स्वतःच ओढवून घेतलेलं. हे कळल्यावर मी दोघींसाठी वेगवेगळा विचार करायला लागले.

पुढचं समजण्यासाठी एवढं माहीत हवं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. या सांध्यांतल्या स्निग्धांत वजनानं साधारण निम्मं सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं असतात. विटांच्या आत अमिनो आम्लं, लॅक्टेट, युरिया असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. सांधे उघडे पडले की आतलं पाणी वाफ होऊन उडत राहतं. माझे सांधे उघडे पडले होते आणि मी वरून पाणी धरणारं सीरम चोपडत होते.

ते सीरम हायलुरोनिक अ‍ॅसिडचं होतं. सगळे तेच सुचवतात म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. कोरड्या चेहऱ्यावर चार थेंब लावायचे आणि दिवसभर एसीत बसायचं. तासाभरात चेहऱ्यावर पातळ कागद चिकटवून वाळवल्यासारखं वाटायचं, हसलं की डोळ्यांखाली बारीक रेषा उमटायच्या. दोन आठवडे मी आणखी थेंब वाढवत गेले आणि आणखी बिघडलं. हा पदार्थ वाईट नाही. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळा केला, आणि आपल्या त्वचेतही तो असतोच. पण क्रीममधला त्याचा मोठा रेणू वरच बसतो. तिथं धरायला पाणी हवं आणि ते उडू नये म्हणून वर झाकण हवं. कोरड्या हवेत नुसता लावला की तो पातळ पापुद्र्यासारखा वाळतो. आता मी ते ओल्या चेहऱ्यावर, पाणी टपकत नाही पण हात लावला तर ओल लागते अशा वेळी लावते, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत वर क्रीम. तेच सीरम, पण आता त्रास नाही. तरी ही बाटली संपली की मी दुसरी घेणार नाही, कारण ते काम ग्लिसरीन अधिक नीट करतं.

ग्लिसरीनबद्दल मला आतून बोलावंसं वाटतं, कारण त्याला कुणी भाव देत नाही. त्याचा रेणू लहान असतो, त्यामुळे तो वरच्या थरात शिरतो आणि तिथं पाणी धरून ठेवतो. आपलं शरीर ते स्वतःही वापरतं. पेशींच्या पडद्यात अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनांची दारं असतात, त्यातलं अ‍ॅक्वापोरिन-३ पाण्याबरोबर ग्लिसरीनही आत-बाहेर नेतं. पाण्याच्या या दारांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नुसतं ग्लिसरीन मात्र चेहऱ्यावर लावू नका. ते चिकट लागतं आणि चुरचुरतंही. क्रीमच्या यादीत पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या जागी ते दिसलं की मी डबा हातात घेते.

यादी वाचायचं एक तंत्र मला फार उपयोगी पडलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, पण एक टक्क्याच्या आतले कोणत्याही क्रमानं लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठीचं रसायन युरोपच्या नियमांप्रमाणे एक टक्क्यापर्यंतच घालता येतं. म्हणून यादीत ते कुठं आहे ते आधी बघायचं. त्याच्यानंतर आलेलं बहुतेक सगळं थेंबाथेंबानं असतं. हायलुरोनिक अ‍ॅसिड तिथं असलं तर हरकत नाही, ते थोडंच लागतं. पण डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तेल तिथं सापडलं तर ते फक्त नावापुरतं आहे असं समजावं.

सगळ्यात मोठा फरक मात्र काही लावून पडला नाही, दोन गोष्टी बंद करून पडला. पहिली म्हणजे फेसवॉश. चेहरा चुरचुर वाजला पाहिजे तरच स्वच्छ, अशी माझी समजूत होती. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) साधारण पाचच्या आसपास असतो आणि साबणाचा नऊ-दहा. असं दिवसातून तीनदा धुतलं की सांध्यांतले स्निग्ध पदार्थही निघून जातात. मी फेस न होणारं सौम्य क्लीन्झर आणलं, ते फक्त रात्री. सकाळी नुसतं कोमट पाणी. दुसरी गोष्ट, रोज रात्रीचं ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं, म्हणजे मृत पेशी सैल करून काढणारं टोनर. पापुद्रे निघावेत म्हणून मी ते लावत होते, आणि पापुद्रे त्यानंच येत होते. तिसऱ्या आठवड्यात वहीत वीस मिनिटं लिहिलेलं आहे. तोपर्यंत क्रीम जुनीच होती.

मग सेरामाइडची क्रीम. घेताना मी सेरामाइडबरोबर कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं आहेत का ते पाहिलं. नुसतं एकच घालण्यापेक्षा तिन्ही योग्य प्रमाणात असली की सांधे लवकर भरतात. पहिले पंधरा दिवस काहीच वाटलं नाही आणि मी ती बाजूला ठेवणार होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की नव्या पेशी वर यायलाच महिना जातो, सहा आठवडे थांबा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी नाकाच्या कडेला बोट फिरवलं आणि खरखर लागली नाही. मी पुन्हा फिरवलं. त्या दिवशीची नोंद दीड तास आहे.

युरिया मात्र जपून. पाच ते दहा टक्के असेल तर ते पाणी धरतं, त्याहून वाढलं की मृत पेशी सैल करायला लागतं आणि वीस-चाळीस टक्क्यांचं टाचांच्या जाड कातडीसाठी असतं. माझ्या ताईच्या टाचा त्यानंच मऊ झाल्या. तिच्याकडचा डबा घेऊन मी एका रात्री सोललेल्या गालांवर लावला आणि आग आग झाली. "अगं, ते टाचांचं आहे, तोंडाला काय लावतेस!" असं म्हणत तिनंच चेहरा धुवायला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाल लाल होते. आईच्या नडग्यांना मात्र दहा टक्क्यांचं लोशन फार मानवलं. अंघोळीनंतर अंग ओलं असतानाच लावते, तीन आठवड्यांत ते भेगांचं जाळं पुसट झालं. युरियाचं क्रीम तुटलेल्या, सोललेल्या कातडीवर नको, एवढं पाळलं की झालं.

झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीच्या जवळपास येणारं दुसरं काही मला मिळालं नाही. रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं, आणि आजही वाफ अडवण्यात तीच पुढे आहे. तिच्यात स्वतःचं पाणी नाही, म्हणून ती कोरड्या चेहऱ्यावर लावून फारसा उपयोग होत नाही. रात्री क्रीम मुरल्यावर वाटाण्याएवढी घेऊन बोटांवर पसरायची आणि गाल, नाकाच्या कडा, ओठांभोवती दाबून लावायची. घासायची नाही. कपाळाला मी लावत नाही, तिथं मला जड होते. दिवसा डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकोन) असलेली क्रीम पुरते, ती हलकी बसते.

तेलांबद्दल थोडक्यात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त असतं आणि ते त्वचेचे सांधे सैल करू शकतं, मी सुरुवातीला महिनाभर तेच चोळत होते. लिनोलेइक आम्ल जास्त असलेलं सूर्यफुलाच्या बियांचं तेल जास्त बरं. स्क्वालेन मला आवडलं, पण ते मऊपणा देतं, पाणी देत नाही. आईला ते पुरेसं वाटतं, मला क्रीमच लागते. नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, दहा टक्क्यांचं लावलं तर माझा चेहरा लाल झाला, क्रीममधलं चार टक्क्यांचं सहज चालतं. आणि यादीत सिटाइल किंवा सिटोस्टेरिल अल्कोहोल दिसलं म्हणून डबा परत ठेवू नका. ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत, त्वचा सुकवणाऱ्या अल्कोहोलशी त्यांचा संबंध नाही.

मधे मी रोज तीन लिटर पाणी प्यायचाही प्रयोग केला. वहीतल्या आकड्यात काही बदल झाला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीन आठवडे दुसरं काही छेडायचं नाही, हा नियम मी पाळला, म्हणून हे सांगता येतं. खाज, भेगांतून रक्त किंवा लाल चट्टे असतील तर मात्र डब्यांचा विचार सोडून डॉक्टरांकडे जावं. थायरॉइडचं काम मंदावलं तरी त्वचा अशीच कोरडी होते. आईची ती तपासणी आम्ही आधीच करून घेतली होती.

आता सकाळी पाणी, ओल्या चेहऱ्यावर ग्लिसरीन असलेली सेरामाइडची क्रीम, वर सनस्क्रीन. रात्री क्लीन्झर, तीच क्रीम आणि तीन-चार रात्री पेट्रोलियम जेली. ग्लायकोलिक पंधरा दिवसांतून एकदा. मागच्या आठवड्यात मुद्दाम चेहरा धुऊन काही न लावता बसले, तर ताण जाणवायला सव्वातीन तास लागले. नाकाच्या उजव्या कडेला एसीतल्या लांबलचक दिवसांनंतर अजून एक पापुद्रा सुटतो. त्याच्यासाठी या महिन्यात दुपारी एकदा क्रीम लावून बघते आहे.