दोनदा, चारदा की मासा मागेल तेव्हा? खाद्याच्या वेळापत्रकांची तुलना

खाद्य किती द्यायचे याचा तक्ता गोणीवर छापलेला असतो. ते किती हप्त्यांत आणि कोणत्या वेळी टाकायचे, हे मात्र तळ्यावरच ठरते. हप्ते ठरवते माशाचे पोट, वेळ ठरवते पाणी. दोघांचे जमले नाही तर पाण्याचे ऐकावे.

आधी पोट. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प गटातल्या माशांना जठरच नसते. घशातल्या दातांनी भरडलेले अन्न थेट आतड्यात उतरते. तिथे आम्ल नाही, प्रथिने पचवणारे पेप्सिन नाही, साठवायला जागाही फारशी नाही. तिलापियाला जठर असते पण लहान. आतडे मात्र शरीराच्या कित्येक पट लांब. मोकळ्या पाण्यात तो दिवसभर चरतो. मागूर आणि ट्राउट यांचे जठर ताणले जाते, एका बैठकीत बरेच मावते. थंड पाण्यात ट्राउटचे जठर रिकामे व्हायला एक दिवसाहून जास्त लागू शकतो.

म्हणून मोठ्या मागुराला, ट्राउटला दोन वेळा पुरतात. कार्प, तिलापिया आणि कोणत्याही जातीची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) यांना तीन-चार वेळा बरे. 1000 मासे, सरासरी वजन 200 ग्रॅम, म्हणजे 200 किलो, वजनाच्या 2.5 टक्क्यांनी दिवसाचे 5 किलो. चार वेळांत ते सव्वा-सव्वा किलो होते. चूक इथेच होते: वेळा वाढल्या की दर वेळी मूठभर जास्त पडते आणि 5 चे 6 किलो कधी झाले ते कळत नाही. आठ-दहा हप्ते केले तर आधीचे अन्न अर्धवट पचलेलेच पुढे ढकलले जाते. शिवाय वाटा इतका लहान होतो की दांडगे मासेच तो संपवतात आणि तळ्यात लहान-मोठ्यांचा फरक वाढत जातो.

वेळ ठरलेली असावी की सोयीने? ठरलेलीच. रोज एकाच वेळी खाद्य मिळाले की मासे आधीच काठाशी जमू लागतात, आणि तयारी आतूनही चालते. गिल्टहेड सीब्रीम या समुद्री माशावरच्या प्रयोगांत ठरलेल्या जेवणाआधीच अमायलेजसारखे पाचक एन्झाइम वाढताना दिसले. अनियमित वेळी खाणाऱ्यांमध्ये ही पूर्वतयारी नव्हती, ताणाची लक्षणे मात्र जास्त होती.

आता पाणी, आणि खरी गोम इथेच आहे. हिरव्या तळ्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. खाल्ल्यानंतर काही तास माशाची प्राणवायूची गरज वाढलेली राहते, अमोनियाही त्याच काळात जास्त बाहेर पडतो. अंधार पडल्यावर पोटभर खाऊ घातलेला तिलापिया पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून हापसतो, तो यामुळेच. पहिला हप्ता सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी, मीटरवर प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम दिसल्यावरच टाका; शेवटचा सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी. दुपारी शेवाळामुळे सामू (pH) चढतो. 28 अंशांच्या पाण्यात सामू 8 असताना एकूण अमोनियातला साधारण 6 टक्के विषारी रूपात असतो, 9 ला सुमारे 40 टक्के. दाट हिरवे पाणी असेल तर सकाळचा वाटा मोठा ठेवून दुपारनंतरचे कमी करावे.

मागुराचे गणित वेगळे. तो निशाचर आहे आणि हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे रात्रीच्या प्राणवायूची टंचाई त्याला तितकी जाचत नाही. त्याला तिन्हीसांजेला दिलेले खाद्य चांगले लागू पडते. युरोपियन सीबास हा समुद्री मासा तर उन्हाळ्यात दिवसा आणि हिवाळ्यात रात्री खाताना आढळतो!

मागेल तेव्हा देणारे यंत्र, म्हणजे माशाने दांडी ढकलली की दाणे सांडणारे, ट्राउटच्या वाहत्या पाण्याच्या टाकीत उत्तम. उघड्या तळ्यात ते घ्यावेसे वाटत नाही. वाऱ्याच्या लाटेनेही दांडी हलते, दमट हवेत खाद्य नरसाळ्यात गोळा होऊन अडकते, आणि खाली एखादा दांडगा मासा ठाण मांडतो. घेतलेच तर दोन कोपऱ्यांत दोन लावा आणि त्यात फक्त त्या दिवसाचा वाटा भरा. कार्पसाठी भुकटी खाद्याची छिद्रे पाडलेली पिशवी बांबूला टांगणे हाच स्वस्त पर्याय. दोन-तीन तासांनी ती हातात तोलून पाहावी.

निवड बरोबर आहे का, हे तरंगते खाद्य सांगते. सुरुवातीला पाणी उसळते, मग वर्तुळे विरळ होतात. 15-20 मिनिटांनंतरही दाणे उरले तर पुढचा वाटा कमी. बुडणारे खाद्य असेल तर पुढच्या हप्त्याआधी एखादा कार्प चिरून पाहा: आतड्याचा पुढचा भाग अजून गच्च असेल तर अंतर कमी पडते आहे. पाणी 10 अंशांनी थंडावले की पचन निम्म्यावर किंवा त्याखाली येते. तेव्हा चाराचे दोन करा आणि पाणी उबदार असताना द्या.

वेळ बदलायची तर रोज अर्धा तास सरकवा. त्याच आठवड्यात खाद्याचे प्रमाण बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.