टेप मी लावते, वायर शोरूमने लावावी

आधी निकाल, मग कारणं. नव्या गाडीवर साइड बीडिंग (दारांवरची आडवी पट्टी), डोअर व्हायझर (खिडकीवरची पावसाची झडप) आणि मडफ्लॅप (चाकामागचा चिखल अडवणारा पडदा) घरी लावले. फॉगलॅम्प आणि रूफ रेल (छतावरच्या सामान बांधायच्या दांड्या) शोरूमकडून बसवून घेतले. शोरूमच्या कामाला पाचपैकी साडेतीन गुण देते. गेलेल्या दीड गुणातला एक बीडिंगवर गेलाय, कारण बीडिंग मुळात त्यांनीच लावलं होतं, मी ते नंतर काढून पुन्हा लावलं. पहिल्याच धुण्यात डाव्या मागच्या दारावरच्या बीडिंगचं टोक उचललं गेलं.

‘घरी लावायला सोपं आहे का?’ असं सगळे विचारतात. माझ्या मते आधी बघायचं ते हे, की ही वस्तू गाडीला कशाच्या जोरावर धरून राहणार आहे? टेपच्या, क्लिपच्या, बोल्टच्या की वायरच्या? एवढं कळलं की कुठे द्यायचं ते निम्मं ठरतं.

टेपचं काम दिसायला सगळ्यात सोपं, आणि शोरूममध्ये नेमकं तेच बिघडतं. फिटरचा हात वाईट नसतो, त्याला वेळ मिळत नाही. बीडिंगमागची दुहेरी टेप ॲक्रिलिक फोमची असते. साधारण खोलीच्या तापमानाला ती वीस मिनिटांत निम्मी पकड घेते, २४ तासांत ९० टक्के, आणि पुरी पकड यायला ७२ तास लागतात. लावताना पत्रा साधारण २१ ते ३८ अंशांदरम्यान असलेला चांगला. १० अंशांच्या खाली बहुतेक टेप नीट चिकटतच नाहीत. आता डिलिव्हरीचा दिवस आठवा. गाडी धुतात, पॉलिश मारून चकाचक करतात, त्या पॉलिशवरच बीडिंग दाबतात आणि तासाभरात हार घालून किल्ली हातात देतात.

सुटलेलं टोक मी उलटं करून पाहिलं. टेप अख्खी बीडिंगकडेच होती, दाराच्या रंगावर तिचा मागमूस नाही, आणि टेपच्या तोंडावर पॉलिशचा तुळतुळीत थर. फोम मधून फाटून निम्मा दारावर, निम्मा बीडिंगवर राहिला असता तर समजले असते की चिकटलं होतं, कशाने तरी ओढलं गेलं. इथे चिकटलंच नव्हतं. सर्व्हिस ॲडव्हायझरचं म्हणणं, ‘मॅडम, प्रेशर वॉशरने निघतं कधी कधी.’ बरोबर आहे त्याचं. पॉलिशवर लावलेलं निघतंच.

मग सगळं काढलं. हेअर ड्रायरने कोमट करायचं आणि मागून मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढायची. रंगाला ओरखडा येत नाही. उरलेला फोम अंगठ्याने घासून निघतो, त्याला जरा चिकाटी लागते. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, धागे न सुटणारं कापड, आणि पुसताना एकाच दिशेने. गोल गोल पुसलं की काढलेलं पॉलिशचं मेण परत तिथेच पसरतं.

रेघ आखायला मास्किंग टेप. ती दाराच्या खालच्या कडेपासून मोजून लावली, आणि चार पावलं मागे जाऊन दोन्ही दारं मिळून नजरेने तपासली. मोजपट्टी बरोबर आणि डोळ्याला तिरकं, असं होतं. तेव्हा मी डोळ्याचं ऐकते. पुढच्या दाराच्या बिजागरीकडची कड विसरू नका. दार उघडताना ती कड फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आत वळते, म्हणून बीडिंग तिथपर्यंत नेलं तर पहिल्यांदा दार उघडताच फेंडरला घासणार. टेपचं लाल कव्हर सगळं एकदम सोलायचं नाही. दोन्ही टोकांचं बोटभर सोलून शेपटी बाहेर काढायची, बीडिंग रेघेला टेकवायचं, पटलं की शेपट्या ओढायच्या. मग दाबायचं ते पूर्ण जोर लावून, कारण ही टेप दाबावर काम करते, नुसत्या स्पर्शावर नाही. नंतर तीन दिवस गाडी सावलीत ठेवायची आणि पाण्याचा फवारा मारायचा नाही. कोणता शोरूम तुमची गाडी त्यासाठी तीन दिवस ठेवून घेईल?

ज्यांनी सिरॅमिक कोटिंग करायचं ठरवलंय त्यांच्यासाठी: आधी बीडिंग, मग कोटिंग. उलटं केलंत तर टेप कोटिंगला चिकटेल, आणि कोटिंगचा गुणच काही चिकटू न देण्याचा.

व्हायझर काचेच्या खाचेत बसणारे घेतले, तर एक गंमत होते. एका बटणात वर जाणारी काच व्हायझरला अडते, तिला वाटतं कुणाचं बोट आलं, आणि ती परत खाली येते. काच बंद करून रात्रभर तशीच ठेवली की खाचेतलं रबर सैल होतं आणि बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. नाहीच सुटला, तर मॅन्युअलमध्ये काचेची मोटर नव्याने सेट करायची कृती दिलेली असते. मडफ्लॅपबद्दल फार सांगण्यासारखं नाही: गाडीचेच जुने स्क्रू वापरणारा सेट घ्या, लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना ते पाहा. सूचनांच्या कागदावर पत्र्याला भोक पाडायला सांगितलं असेल तर सेट परत करा. कापलेली कड उघडी राहिली की गंज तिथूनच सुरू होतो.

आता शोरूमचं कौतुक. फॉगलॅम्पचं काम त्यांनी देखणं केलं. हॅलोजनचे ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला साधारण नऊ ॲम्पिअर. एवढा करंट पार्किंग लाइटच्या बारीक वायरला फाटा मारून घेतला तर ती वायर तापणार. त्यासाठी वेगळा फ्यूज, रिले (बारीक करंटवर चालून जड करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर लागते. त्यांनी कंपनीचं हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) वापरलं, कपलर (वायरचा जोड) कपलरमध्ये गेला, एकही वायर सोलली नाही. मग स्कॅनर लावून गाडीच्या कंट्रोल युनिटला सांगितलं की फॉगलॅम्प आता आहेत. माझ्या गाडीत त्याशिवाय ते पेटलेच नसते. बंपर उतरवताना काही क्लिपा तुटल्या, तर त्या जागी नव्या लावल्या आणि जुन्या मला दाखवून फेकून दिल्या. बंपर परत बसवल्यावर फटी दोन्ही बाजूंना सारख्या. या कामाला पाचपैकी पाच.

आणि हे सगळं बिलावर लिहून आलं. उद्या वायरिंगमध्ये काही निघालं तर ‘बाहेर काम केलंय’ हे वाक्य मला ऐकावं लागणार नाही. वॉरंटीची खरी भांडणं वायरवरूनच होतात, बीडिंगमुळे इंजिनाची वॉरंटी कोणी नाकारत नाही.

रूफ रेलही तिथेच बरे. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (मोजून ठरवलेल्या जोराला) आवळायचे असतात, बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेला आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, आणि सील चुकलं तर पाणी आत. रेल बसल्यावर पाणी मारून दाखवा म्हटलं तर दाखवलं, पण म्हणावं लागलं. तिथे अर्धा गुण कापला. छतावर किती वजन चालतं तो आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं हे लक्षात ठेवा.

एक सावधगिरी. शोरूममध्ये विकणारा वेगळा आणि बसवणारा वेगळा. विकणाऱ्याने मला पुढचा बंपर गार्ड सुचवला, जो थेट पार्किंग सेन्सरसमोर आला असता. काही गाड्यांत पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार लोगोच्या किंवा बंपरच्या मागे असतं. तिथे क्रोमचा तुकडा चिकटवला की पुढच्या गाडीप्रमाणे वेग ठेवणारा क्रूझ कंट्रोल आणि आपोआप लागणारा ब्रेक गोंधळू शकतात. म्हणून यादीवर सही करण्याआधी फिटरला भेटा. मी भेटले, तर तो हळूच म्हणाला, ‘ताई, गार्ड नका घेऊ.’

मधला रस्ताही आहे: वस्तू शोरूमची, हात आपले. ओरिजिनल सेटच्या खोक्यात मापाचा कागदी साचा आणि सूचनांचा कागद असतो, तो मागून घ्या. उलट, बाहेरून आणलेली वस्तू शोरूमला बसवायला सांगितली तर बरेच जण तयार होत नाहीत, आणि झाले तरी जबाबदारी घेत नाहीत.

आता मागचा स्पॉयलर (डिकीच्या वरच्या कडेची पट्टी) घ्यायचाय. त्याला टेप आहे, बोल्ट आहेत, वर ब्रेक लाइटची वायर आहे. तो शोरूमलाच जाणार. फक्त जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) मी पहिल्या ओळीत लिहून घेणार आहे: गाडीला पॉलिश करू नये.